हवा बदलली की मासा कुठे जातो? गोड्या पाण्यात आणि खाजणात गळ टाकायला शिकणाऱ्यांसाठी

नवखा माणूस सगळ्यात आधी आमिषाबद्दल विचारतो. कोणत्या माशाला काय लावायचं? विचारण्यासारखीच गोष्ट आहे, पण तिचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न असा की आज मासा आहे कुठे आणि त्याला भूक आहे का. हे हवामानावर ठरतं, पण परस्पर नाही. मासा पंचांग बघत नाही, आभाळही बघत नाही. त्याला कळतं ते पाणी. ऊन, वारा, पाऊस, थंडी यांच्यामुळे पाण्याचं तापमान बदलतं, त्यातला प्राणवायू बदलतो, गढूळपणा आणि पातळी बदलते, आणि खाजणात या सगळ्यावर खारटपणाही बदलतो. मासा हलतो तो या बदलांमुळे. म्हणून ‘अमुक महिन्यात अमुक मासा’ अशा याद्या पाठ करण्यापेक्षा पाणी ओळखायला शिकलात तर कुठल्याही काठावर उभे राहू शकाल.

पायरी 1: आपलं पाणी कोणत्या जातीचं ते ओळखा

एकाच पावसाचा परिणाम तळ्यावर वेगळा, नदीवर वेगळा, मोठ्या जलाशयावर वेगळा. कमरेएवढं खोल तळं एका दुपारच्या उन्हात तापतं आणि एका रात्रीत निवतं. खोल जलाशयाला तेवढ्याच बदलासाठी आठवडे लागतात. त्यामुळे थंडीची पहिली लाट आली की तळ्यातला मासा दुसऱ्याच दिवशी सुस्तावतो, तर जलाशयातला मासा अजून जुन्याच ऋतूत वावरत असतो. नदीचं गणित आणखी निराळं. तिथे तुमच्या डोक्यावर काय पडतंय यापेक्षा वरच्या अंगाला काय पडलं हे महत्त्वाचं.

खाजण म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून जवळजवळ तोडलेलं उथळ, पसरट पाणी. एका बाजूने नद्या-ओढ्यांचं गोडं पाणी येतं आणि मुखातून भरतीचं खारं पाणी शिरतं. बऱ्याच खाजणांची खोली एक-दोन मीटरच असते. त्यामुळे तळ्याचा उतावळेपणा, नदीचा पूर आणि समुद्राची भरती-ओहोटी या तिन्ही गोष्टी तिथे एकदमच सांभाळाव्या लागतात. शिकायची सुरुवात तळ्यापासून करा आणि खाजणाकडे नंतर वळा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी 2: तीन साधी साधनं जवळ ठेवा

पहिलं साधन थर्मामीटर. साधा, दोरीला बांधून बुडवता येईल असा. पृष्ठभागाचं तापमान एकदा घ्या आणि शक्य तितक्या खोलीवर पुन्हा एकदा. हे दोन आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत यावरून पुष्कळ काही कळतं.

दुसरं साधन पांढरी ताटली. मधोमध भोक पाडून दोरीला बांधा, खाली वजन लावा आणि सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याचा निवळपणा. ही रीत 1865 साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात वापरून दाखवली आणि जगभरचे तलाव-अभ्यासक आजही तीच वापरतात. वीतभर खोलीवर ताटली नाहीशी झाली तर मासा डोळ्यांवर नाही, वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर शिकार करणार. दीड-दोन मीटरपर्यंत दिसत राहिली तर त्याला तुमचा तंगूस, म्हणजे गळाची दोरीसुद्धा दिसणार.

तिसरी वही. तारीख, वेळ, हवा, पाण्याचं तापमान, ताटलीची खोली, पाणी चढतंय की उतरतंय, वारा कुठून आणि मासा कुठे लागला, एवढं लिहा. रिकाम्या हाताने परत आलात ते दिवस तर आवर्जून लिहा, कारण कामाची माहिती बहुधा त्यांच्यातच सापडते. खाजणात जाणार असाल तर क्षारता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर उपयोगी पडतं. ते नसलं तरी निमखाऱ्या पाण्यात कुठली वनस्पती उगवली आहे आणि दगडांवर शिंपले कुठवर चढले आहेत, यावरून अंदाज येतो.

पायरी 3: तापमानावरून भूक ओळखा

माशाचं रक्त थंड, म्हणजे त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर वर-खाली होतं. ढोबळमानाने पाणी 10 अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा खर्च दुप्पट होतो. खर्च वाढला की भूक वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. प्रत्येक जातीचा एक सोयीचा पट्टा असतो. त्याच्या खाली मासा सुस्त होतो, आणि वर गेलं की त्याचा जीव घाबरा होतो.

रोहू, कटला, मृगळ हे उबदार पाण्याचे मासे. 25 ते 30 अंशांच्या आसपास ते जोमाने खातात आणि 20 अंशांखाली मंदावतात. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प मात्र त्याहून गार पाण्यातही आमिषाकडे वळतो, म्हणून थंडीत तळ्यावर बसायचं तर त्याच्यासाठी बसावं. तिलापिया 16-17 अंशांखाली जवळजवळ खाणं सोडतो आणि पाणी 10 अंशांच्या आसपास उतरलं की मरायला लागतो. याच्या अगदी उलट ट्राउट. त्याला 10 ते 16 अंश मानवतात आणि 20 अंशांवर गेलं की तो त्रासात असतो. तुमच्या पाण्यात जो मासा आहे त्याचा हा पट्टा सगळ्यात आधी माहीत करून घ्या.

आकड्याइतकाच महत्त्वाचा त्याचा कल. 22 अंशांवर असलेलं पाणी तीन दिवसांपूर्वी 18 होतं की 26, यावर सगळं ठरतं. थंडी ओसरताना हळूहळू तापणाऱ्या पाण्यात मासा उथळ, ऊन लागणाऱ्या काठाशी येतो. गडद चिखलाचा तळ असलेले कोपरे आधी तापतात. वारा लागत नाही अशा आडोशाला दुपारी दोन-तीन अंशांचा फरक सहज मिळतो. उलट उबदार पाणी एकाएकी चार-पाच अंशांनी उतरलं तर तोच मासा खोलवर जाऊन दिवसभर हलत नाही. अशा दिवशी आमिष बदलत बसण्यात अर्थ नाही.

थंडीच्या दिवसांत पहाटे जाण्याचा हट्टही सोडून द्या. सकाळी उशिरा निघा. दुपारी बारा ते चार हीच चांगली वेळ. उन्हाळ्यात याच्या बरोबर उलटं करायचं: पहाट आणि संध्याकाळ.

पायरी 4: उन्हाळ्यात प्राणवायूचा हिशेब करा

पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात 10 अंशांना लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशांना 9.1 आणि 30 अंशांना 7.6. तितक्याच गरम समुद्राच्या पाण्यात यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी. म्हणजे माशाला श्वास जास्त लागतो नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. भर उन्हाळ्यात दुपारी मासा का लागत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं उत्तर थरांमध्ये आहे. खोल तलावात उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्हींच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरतं असा पट्टा तयार होतो. त्याच्या खालच्या पाण्याला हवा लागत नाही. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू खात राहतो आणि काही आठवड्यांत खालचा थर माशांना राहण्याजोगा उरत नाही. नवख्या माणसाला वाटतं, उन्हाळा आहे, मासा खोल थंड पाण्यात गेला असेल, आणि तो शिसं, म्हणजे गळाचं वजन, थेट तळाला सोडतो. पुष्कळदा तिथे काहीच नसतं. मासा असतो मधल्या पट्ट्याच्या जरा वर, जिथे थंडावाही बरा आणि श्वासही घेता येतो. थर्मामीटर दोरीने एकेक मीटर खाली सोडत गेलात तर आकडा कुठे घसरतो ते कळेल. आमिष त्याच्या वर ठेवा.

ऋतू पालटून वरचं पाणी गार झालं की दोन्ही थर पुन्हा मिसळतात. हे मिसळणं सावकाश झालं तर ठीक. पण जोराच्या वादळाने किंवा थंड पावसाने ते एका रात्रीत झालं तर तळाचं नासकं पाणी वर येतं, पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि मासा कित्येक दिवस खात नाही. असा वास आला की दुसरं पाणी शोधा.

उथळ, हिरव्यागार तळ्यांची गोष्ट वेगळी. तिथे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो वापरतं. त्यामुळे प्राणवायू संध्याकाळी सगळ्यात जास्त आणि सूर्योदयाच्या सुमाराला सगळ्यात कमी. दोन-तीन दिवस मळभ, उकाडा आणि वारा पडलेला असेल तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वासून हवा घेताना दिसतील. हे बघून नवखे खूश होतात, ‘किती मासा वर आलाय!’ पण तो खायला आलेला नाही, गुदमरतोय. गळ गुंडाळा. अशा पाण्यात पकडून सोडलेला मासाही बहुधा वाचत नाही.

याला अपवाद मरळ आणि मागूर. हे मासे थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून आटत चाललेल्या, कोमट, गढूळ डबक्यांत शेवटपर्यंत तेच तग धरतात. उन्हाळ्याच्या अखेरीस लव्हाळ्याच्या कडेला मरळ वर येऊन श्वास घेतो तिथे पाणी हलकेच फुटतं. ती खूण ओळखता आली की बरंच काम झालं.

पायरी 5: पाऊस आला, आता घाई नको

पाऊस हा एक प्रसंग नाही, तीन आहेत. पावसाआधीचं मळभ, पहिला लोंढा आणि नंतर निवळणारं पाणी.

पावसाआधीचे काही तास बऱ्याचदा चांगले जातात. उजेड मंदावतो, वारा पाणी हलवतो, मोठा मासा निर्धास्त होऊन काठाकडे सरकतो. पण विजेचा धोकाही नेमका तेव्हाच असतो. त्याबद्दल शेवटी बोलू.

कोरड्या ऋतूनंतरचा पहिला लोंढा मात्र वाईट. तो उन्हाळाभर साठलेलं शेण, पाचोळा, राख, रस्त्यावरचं तेल असं सगळं धुऊन आणतो. कुजणाऱ्या पदार्थांमुळे प्राणवायू घसरतो, बारीक गाळ कल्ल्यांत जातो. या दिवसांत मासे दूर सरकतात किंवा मुख्य प्रवाह सोडून आडोशाला थांबतात. नदीचं पाणी लाल-तपकिरी होऊन त्यावर फेस आणि काटक्या वाहत असतील तर त्या दिवशी चहा पिऊन घरी जावं.

खरी संधी नंतर येते. पाणी चढायचं थांबतं आणि निवळायला लागतं तेव्हा ओढा जिथे तळ्याला किंवा जलाशयाला मिळतो तिथे जा. वाहतं पाणी गांडुळं, किडे आणि दाणे आणतं, आणि ते ताजं व प्राणवायूने भरलेलं असतं. गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. आमिष त्या रेघेवर, निवळ बाजूला पण कडेशी टाका. शिकारी मासा निवळ बाजूला उभा राहून गढुळातून बाहेर येणाऱ्या लहान माशांवर टपलेला असतो.

पातळीचा नियमही इथेच लक्षात ठेवावा. पाणी चढत असतं तेव्हा मासा पसरतो. नव्याने बुडलेलं गवत, झुडपं, शेतं यांत शिरतो, अगदी गुडघाभर पाण्यातही. पाणी उतरायला लागलं की तोच मासा कोंडी टाळण्यासाठी मागे सरकतो आणि ओघळींच्या तोंडाशी, खोलीच्या कडेला गोळा होतो. शोधायला सोपा तो उतरत्या पाण्यात. धरणाखालच्या नदीवर बसत असाल तर ही चढ-उतार पावसाने नाही, दरवाज्यांनी होते. तिथे निरभ्र दिवशीही पाणी अचानक वाढू शकतं.

पावसाबरोबरच पुष्कळ माशांचा विणीचा हंगाम येतो. रोहू-कटलासारखे मासे चढत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, आणि अनेक लहान जाती प्रवाहाविरुद्ध चढून उथळ जागी जातात. चढणीचा मासा पकडायला सगळ्यात सोपा असतो, कारण तो गर्दीने आणि एकाच वाटेने येतो. पण त्या मादीच्या पोटात पुढच्या हंगामाचे हजारो मासे असतात. बऱ्याच ठिकाणी या काळात मासेमारीवर बंदी किंवा जाळ्यांवर निर्बंध असतात. तुमच्या पाण्याचे नियम आधी विचारून घ्या. नियम नसला तरी अंड्यांनी फुगलेली मादी सोडून द्यावी. मरळाची जोडी पिल्लांच्या लालसर घोळक्याभोवती राखण करत फिरताना दिसली तर तिच्यासमोर गळ टाकू नका. राग येऊन ती हमखास झडप घालते, पण पालक गेले की घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

पायरी 6: वारा विचारात घ्या, दाबाचा बाऊ करू नका

वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ आधी तपासा. वरचं कोमट पाणी, तरंगते सूक्ष्म जीव, पडलेले किडे सगळं तिकडे लोटलं जातं. त्यामागे लहान मासा जातो आणि लहान माशामागे मोठा. लाटांमुळे तिथे प्राणवायूही वाढतो. नवख्यांना उलट वाटतं. ते वारा पाठीवर घेऊन आडोशाच्या काठावर बसतात, कारण तिथून गळ लांब जातो. बसायला सोय होते, मासा मात्र समोरच्या काठाला असतो. थंडीत हा नियम उलटा होऊ शकतो. गार वारा वाहत असेल तर आडोशाला उन्हात तापलेला कोपराच बरा.

हवेचा दाब पडला की मासा खात नाही, असं ठामपणे सांगणारे खूप भेटतील. मला ते तेवढ्यापुरतं पटत नाही. हवामान जोरात बदललं तरी दाब एक-दोन दिवसांत 10 ते 20 हेक्टोपास्कलने हलतो. पाण्याच्या भाषेत हे 10 ते 20 सेंटिमीटर खोलीइतकं. मासा वीतभर खाली-वर झाला तरी त्याच्या अंगावरचा दाब तेवढा बदलतो, आणि तो दिवसभर खाली-वर होतच असतो. दाबाबरोबर ढग येतात, उजेड कमी होतो, वारा फिरतो, तापमान उतरतं. परिणाम आहे तो यांचा. फोनमधला दाबाचा आकडा बघायला हरकत नाही, पण हवामान बदलणार आहे याची आगाऊ सूचना एवढंच त्याचं मोल.

चंद्राच्या तिथीवरून ‘मासा खाण्याच्या वेळा’ सांगणाऱ्या तक्त्यांबद्दलही माझं हेच मत. बंदिस्त तळ्यात मी त्यांच्यावर वेळ घालवणार नाही. खाजणात मात्र तिथी पाहिलीच पाहिजे, कारण तिथे चंद्र भरती-ओहोटीतून काम करतो.

पायरी 7: खाजणात मीठ, मुख आणि भरती यांचा मेळ घाला

समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. खाजणात पावसात पाणी मुखापाशी खारं आणि नदीच्या टोकाला जवळजवळ गोडं असू शकतं, आणि दुष्काळात हा आकडा समुद्रापेक्षाही वर जातो. टेक्सासच्या किनाऱ्यावरचं लागुना माद्रे अतिखारेपणासाठी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातल्या कूरोंगचा दक्षिण भाग दुष्काळाच्या वर्षांत समुद्राच्या कित्येक पट खारट झाला होता. त्यामुळे ‘खाजणातला मासा’ असा एकच मासा नसतो. मिठाची सीमारेषा सरकते तसे मासे सरकतात.

पाऊसकाळात गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर पसरतं आणि खारं तळाशी पाचरीसारखं राहतं. वरून चाखलं तर पाणी गोड लागेल, पण तळाशी अजून समुद्र असतो. ज्या माशांना खारं पाणी हवं ते खोल खाडीच्या पात्रातून तळालगत किंवा मुखाकडे सरकतात. बोय आणि जिताडा मात्र दोन्ही पाण्यांत राहू शकतात. जिताड्याचा हिशेब तर गंमतीदार आहे: तो पावसाळ्याच्या सुमारास मुखाजवळच्या खारट पाण्यात अंडी घालतो, त्याची पिल्लं दलदलीत आणि गोड्या पाण्यात शिरून वाढतात, आणि मोठं झाल्यावर पुन्हा खाली येतात. आयुष्याची सुरुवात नराची, पुढे वयात मादी होते. म्हणून खूप मोठा जिताडा लागला तर ती बहुधा मादी असते, हे लक्षात असू द्या.

कोळंबीची पिल्लं खाजणात वाढतात आणि मोठी होताना समुद्राकडे निघतात. जोराच्या पावसाने पाणी गोडं झालं की हा निघण्याचा वेग वाढतो. अशा वेळी ओहोटीला मुखाच्या आतल्या बाजूला, प्रवाहाच्या कडेला शिकारी मासे रांगेने टपून असतात. पावसाळा ओसरतानाची ओहोटी हा खाजणातला माझा सगळ्यात आवडता काळ.

भरतीचं वेळापत्रक किनाऱ्याचं असतं, खाजणाचं नव्हे. मुख अरुंद असल्यामुळे आत भरती उशिरा पोहोचते आणि कमी चढते. जितकं आत जाल तितका उशीर. हा फरक तुमच्या जागेवर किती ते घड्याळ लावून एकदा मोजा, काठी रोवून तिच्यावर खुणा करा. बहुतेक किनाऱ्यांवर भरती 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे रोजची वेळ जवळपास 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती. तेव्हा प्रवाह जोरात आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी शांत आणि निवळ. पाणी हलत असतं तेव्हाच मासा खातो. भरती आणि ओहोटीच्या मध्ये ते जरा वेळ उभं राहतं तो तुमच्या न्याहारीचा वेळ.

वाऱ्याला इथेही विसरू नका. पसरट, उथळ खाजणात दिवसभर एकाच दिशेने वाहणारा वारा पाणी एका टोकाला इतकं ढकलतो की भरतीचा हिशेब मागे पडतो. ब्राझीलच्या लागोआ दुस पातुसमध्ये भरती अगदी लहान असते आणि पाण्याची ये-जा मुख्यतः वारा आणि नद्याच ठरवतात.

मुखावर लक्ष ठेवणं हे खाजणातल्या माणसाचं वर्षभराचं काम. कोरड्या ऋतूत लाटा वाळू आणून मुख अरुंद करतात, कधी पुरतं बंद करतात. मग आतलं पाणी एकतर गोडं होत जातं किंवा बाष्पीभवनाने खारटतं, आणि समुद्रातून येणारी पिल्लं बाहेरच राहतात. पूर आला की दांडा फुटतो आणि काही दिवसांत सगळं बदलतं. ओडिशातलं चिलिका हे याचं ठळक उदाहरण. गाळाने मुख अडत गेलं, पाणी गोडं झालं, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी घटली. सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडल्यावर क्षारता सुधारली आणि मासळी, कोळंबी, खेकडे यांचं उत्पादन भराभर वाढलं. तुमच्या खाजणाचं मुख नुकतंच उघडलं असेल तर जुन्या जागांची माहिती बाजूला ठेवा आणि मुखापासून आत नव्याने शोध घ्या.

उथळ पाण्याला थंडीही पटकन लागते. फेब्रुवारी 2021 मधल्या कडाक्याच्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान 38 लाख मासे मेल्याचा अंदाज तिथल्या सरकारी खात्याने दिला, आणि सगळ्यात मोठा फटका लागुना माद्रेलाच बसला. अशा लाटेत जे मासे वाचतात ते खोदलेल्या खोल पात्रांत दाटीने उभे असतात. त्यांना तिथे पकडणं सोपं असतं. पण अशा दिवसांत त्यांना सोडून द्यावं.

पायरी 8: सामान ऋतूप्रमाणे बदला

यात फार खोल जायची गरज नाही. गढूळ पाण्यात वास असलेलं आमिष (गांडूळ, कोळंबी, आंबवलेलं पीठ), जाड तंगूस आणि तळाला टेकेल असं शिसं. निवळ आणि थंड पाण्यात लहान गळ, बारीक तंगूस, आमिषाचा छोटा तुकडा आणि धीर. थंडीत मासा आमिष ओढत नाही, नुसता तोंडात घेतो, म्हणून फ्लोट हलका आणि जेमतेम तरंगेल असा. उन्हाळ्यात फ्लोटची खोली दर अर्ध्या तासाने बदलून पाहा. खाजणात जोराच्या प्रवाहात शिसं वाढवा, भांगाच्या दिवसांत कमी करा, आणि परत आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा. मीठ कोणाचीही कीव करत नाही.

पायरी 9: कधी उठायचं ते आधीच ठरवा

कार्बन फायबरची काठी विजेला वाट करून देते, आणि मोकळ्या काठावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं परतू नका.

नदीत पाण्याचा रंग एकाएकी बदलला, काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज वाढला तर सामान सोडून आधी उंचावर चढा. खाजणाच्या मुखाशी ओहोटीत कमरेपर्यंतही उतरू नका. उधाणाच्या ओहोटीला समुद्राकडून लाटा येत असतील तर तिथे होडीही सांभाळणं कठीण. होडीत लाइफ जॅकेट अंगावर असावं, बाकाखाली नको. उथळ निमखाऱ्या पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत चला, म्हणजे वाळूत लपलेली पाकट आधीच सरकते. उबदार निमखाऱ्या पाण्यात जखम घेऊन उतरू नका. तिथे आढळणारे विब्रिओ जातीचे काही जिवाणू गंभीर संसर्ग करतात. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून त्यातही उघड्या जखमेने किंवा अनवाणी जाऊ नका. थंड प्रदेशात गोठलेल्या तळ्यावर चालायचं असेल तर स्वच्छ, घट्ट बर्फ किमान 10 सेंटिमीटर जाड हवा, आणि हिवाळा सरताना तोही भरवशाचा नसतो.

उकाड्यात पाण्यावर हिरवट-निळा, रंगासारखा तवंग दिसला तर ते पाणी तोंडाला लावू नका, कुत्र्यालाही पिऊ देऊ नका, आणि तिथला मासा खाण्यासाठी घेऊ नका.

सोडायचा मासा उन्हाळ्यात लवकर ओढून घ्या. थकवून थकवून आणलेला मासा गरम पाण्यात पोहत निघून गेला तरी काही तासांनी मरू शकतो. हात ओले करा, शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढूच नका, गळ न काढता येण्याइतका खोल गेला असेल तर तंगूस जवळ कापून टाका. आणि थर्मामीटर सलग दोन-तीन दिवस त्या जातीच्या सोयीच्या पट्ट्याच्या वर राहिला, तर पाणी गार होईपर्यंत दुसऱ्या जातीकडे वळा.